शेगडीतलं दर्शन

देवीचं दर्शन झालं असं समजून मी ज्याला हात जोडले, तो कोळशाचा विषारी वायू होता. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाची फसगत व्हायला नको. लोकांचे अनुभव मी पुष्कळ ऐकले आहेत. कुणाला सुगंध येतो, कुणाला वाटेत अनोळखी माणूस भेटतो आणि मागे वळून बघावं तर तो नाहीसा झालेला असतो. मला भेटलेला अनोळखी माणूस काही नाहीसा झाला नाही. तो अजूनही दर दोन-तीन महिन्यांनी फोन करतो आणि "अक्का, डोळे काय म्हणतात?" म्हणून विचारतो. त्यामुळे माझ्या बाबतीत जे घडलं त्याला कृपा म्हणावं की नाही, याविषयी बरेच दिवस मनात शंका होती. आता नाही. पण ती फिटायला मला आधी आंधळं व्हावं लागलं.

आम्ही बेळगावातल्या वडगावचे. पुढच्या सोप्यात दोन माग, मागे स्वयंपाकघर, मध्ये बारकीशी देवखोली. माग मालक चालवतात, म्हणजे माझे यजमान, आणि मी बघते. बघते म्हणजे खरोखरच बघते. ताण्यातली, म्हणजे उभ्या धाग्यांतली, एक तार तुटली आणि वेळेवर जोडली नाही, तर साडीला लांबच लांब रेघ पडते. तुटलेली तार मला दहा हातांवरून, चालत्या मागावर दिसायची. मालकांना तीच तार नाकासमोर धरली तरी दिसत नाही. हे घर माझ्या दोन डोळ्यांवर चालतं असं मी येता-जाता ऐकवायची, आणि ते काही खोटं नव्हतं. नाकाचाही मला तसाच ताठा होता. माहेर निपाणीचं, तंबाखूच्या वखारींच्या गल्लीत वाढलेली मी. कुणाच्या घरात काय करपलंय ते उंबऱ्यावरून सांगायची. दोन्ही ताठे एकाच दिवशी उतरले.

त्याला कारण माझी थोरली जाऊ. ती अनगोळात राहते. तिच्या नवरात्रातला दिवा घट बसल्यापासून घट उठेपर्यंत अखंड जळतो, हे साऱ्या भावकीला ठाऊक आहे, कारण ती ते साऱ्या भावकीला सांगते. तिच्याकडे गेलं की चहाच्या आधी दिवा दाखवते. आमच्याकडे मागांचे हादरे, पंखे, दारांची उघडझाप. दिवा तिसऱ्या नाहीतर पाचव्या माळेला विझणारच. मग जाऊबाईंचा फोन. "विझला व्हय गं औंदा पण? असूं दे, असूं दे." तिचं ते 'असूं दे' मला वर्षभर पुरायचं.

त्या वर्षी मी पदर खोचला. देवखोलीची खिडकी लावून घेतली आणि तिच्या फटींत मागावरचं वाया गेलेलं सूत चमच्याच्या दांड्यानं कोंबलं. वरच्या झरोक्यात जुन्या लुगड्याचा बोळा बसवला. दाराखालच्या फटीला सुताची वळकटी केली. सूत कोंबण्याच्या कामात विणकराच्या बायकोला हरवणारं अजून कुणी जन्माला आलेलं नाही. बरं, दिवा अखंड तर जाऊबाईंचाही असतो. मग माझं वेगळं काय? म्हणून मी धूपही अखंड ठेवायचा ठरवला. त्यासाठी निखाऱ्यांची शेगडी आली. आणि एवढ्यानंही भागेना, म्हणून नऊ दिवसांचं मौन धरलं.

मौन धरण्याआधी मालकांना शेवटची तंबी दिली, "घट उठंपर्यंत ह्या दाराला हात लावायचा न्हाय. वारं आत आलं आन् दिवा गेला, तर तुमचं-माझं जमायचं न्हाय, आत्ताच सांगून ठेवते." काही विचारायचंच असेल तर दाराबाहेरून विचारायचं. मी पूजेची घंटा वाजवीन. एकदा वाजली तर होय, दोनदा वाजली तर नाही आणि तीनदा वाजली तर 'तिथंच आहे, नीट बघा'. पहिल्या चार दिवसांत तीनदाचीच घंटा सगळ्यांत जास्त वाजली.

पाचव्या माळेला सकाळपासून पाऊस होता. कोळसा दमट होता, धुमसत होता, म्हणून मी शेगडी शिगोशीग भरली. आधीचे चार दिवस मी मधे-मधे उठत होते. त्या दिवशी मात्र नैवेद्य होईपर्यंत उठायचंच नाही असा निश्चय केला आणि जपमाळ घेऊन बसले. दिव्याची ज्योत अशी सरळ उभी होती की जाऊबाईंना बोलावून दाखवावी. थोड्या वेळानं डोकं जड झालं. म्हटलं, उपास लागला असेल. मग कानांत घुमल्यासारखं झालं. म्हटलं, नाद ऐकू यायला लागला. मग ज्योतीभोवती कडं दिसलं, एकाची दोन झाली, अंग हलकं झालं आणि आपण जमिनीवर बसलेलोच नाही असं वाटायला लागलं. आता खोटं कशाला बोलू? माझ्या मनात आलेला पहिला विचार देवीचा नव्हता. जाऊबाईंना हे कसं सांगायचं, हा होता. मी हात जोडले, आणि तशीच कलंडले. ज्या वायूला वासच नाही, तो निपाणीच्या नाकाला कळणार कसा?

पुढचं मला मालकांनी सांगितलं. दुपारी त्यांना चहाची तल्लफ आली आणि साखरेचा डबा सापडेना. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली. डबा तीस वर्षं त्याच फळीवर आहे. ते दाराशी आले आणि म्हणाले, "अगं, साखरंचा डबा कुठं गेला?" घंटा वाजली नाही. परत जाऊन त्यांनी पुन्हा शोधला, म्हणजे तिखटाचा आणि बेसनाचा डबा उघडून पाहिला, आणि पुन्हा आले. तरी घंटा नाही. मग त्यांनी विचारलं, "रागावलीस व्हय?" या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही असं तीस वर्षांत कधी झालेलं नाही. त्यांना माझ्या रागाची सवय आहे, गप्प बसण्याची नाही. ते घाबरले आणि त्यांनी दार ढकललं. दार सुताच्या वळकटीमुळे उघडेना, म्हणून खांदा लावला. मला ओढत अंगणात आणलं आणि पावसातच शेजाऱ्यांच्या रिक्षात घातलं.

शुद्धीवर आले तेव्हा तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि कानाशी मालकांचा आवाज. पहिलंच वाक्य, "दिवा विझला गं. मी दार उघडलं." मी जगले की मेले हे कळायच्या आधी त्यांना ती कबुली द्यायची होती. इतकी माझी दहशत! मी डोळे उघडले. उघडलेच होते म्हणे. पण मला काही दिसेना. अंधार काळा असतो असं वाटायचं. हा करडा होता, ओलं घोंगडं तोंडावर टाकल्यासारखा. मी हात डोळ्यांपुढे नेला, बोटं पापण्यांना लागली, तरी हात दिसला नाही. त्या वेळी जी भीती वाटली ती मी शब्दांत सांगू शकत नाही. तारा कोण बघणार, माग कसा चालणार, मालकांना डबे कोण दाखवणार, हे सगळं एकदम छातीवर आलं.

आणि एवढं होऊनही मी मौन सोडलं नव्हतं. दिवा गेला, धूप गेला, निदान मौन तरी अखंड राहू दे, असा हट्ट. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, "माझी बोटं दिसतात का? किती आहेत?" मी नुसता हात हलवला. त्या दुसऱ्या डॉक्टरांना हळूच म्हणाल्या, "बोलणंही गेलंय बहुतेक." तेव्हा मालक अगदी संकोचून म्हणाले, "न्हाय हो बाई, मौन हाय तिचं."

"कधीपर्यंत?"

"दसऱ्यापर्यंत."

मग बाईंनी समजावून सांगितलं. निखाऱ्यांतून निघणाऱ्या वायूनं रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतली होती आणि नजरेला त्याचा फटका बसला होता. माणूस आडवा मावेल अशा बंद नळीत, हवेचा दाब वाढवून शुद्ध ऑक्सिजन देण्याचा एक उपचार आहे. नजर येईलच असं नाही; पण लवकर सुरू केला तर आशा आहे. तशी नळी कॅम्पच्या बाजूच्या एका दवाखान्यात होती. त्याच दिवशी मला तिकडे हलवलं.

नळी सांभाळणाऱ्या माणसाचं नाव बसवराज; पुढे मी त्यांना बसण्णा म्हणू लागले. नौदलात पाणबुड्या म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. बोलणं अर्धं कन्नड, अर्धं मराठी, मधेच हिंदी. "चिंती माडब्याडरी, अक्का. काळजी नको," म्हणाले आणि त्यांनी मला एकेक वस्तू उतरवायला सांगितली. आत शुद्ध ऑक्सिजन, एक ठिणगीसुद्धा चालत नाही. म्हणून केसांतलं तेल धुवायचं, कुंकू पुसायचं, मनगटातला जरीचा दोरा काढायचा, जपमाळ बाहेर, अंगावर फक्त त्यांचा सुती झगा. जोडवी तीस वर्षांत बोटांतून निघाली नव्हती. नर्सबाईंनी साबण लावून पाय तिंबला तेव्हा निघाली. देवीला धरून ठेवण्यासाठी जे जे मी अंगावर बांधलं होतं ते सगळं एका ट्रेमध्ये खणखणत पडताना ऐकत होते. मग बसण्णा म्हणाले, "आता मंगळसूत्र, अक्का."

"मंगळसूत्र काढणार न्हाय!"

पाच दिवसांचं मौन असं सुटलं. मालक एकदम ओरडले, "बोलली! बोलली बघा!" आणि रडायलाच लागले. त्यांना वाटत होतं मौनाआड माझी वाचा खरोखरच गेलेली असणार आणि मी ती हट्टानं लपवतेय. मग डोळे पुसून म्हणाले, "काढ गं. मी जिता हाय की हितं, तुझ्यासमोर. मी धरतो." मी काढून त्यांच्या हातात दिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी इतकी मोकळी झाले आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

नळीत आडवं करून झाकण लावलं तेव्हा लोणच्याच्या बरणीत घातल्यासारखं वाटलं. कान गच्च झाले. बाहेरून, आतल्या बारक्या स्पीकरवर बसण्णा म्हणत होते, "आवंढा गिळा, अक्का. जांभई द्या." जांभई अशी मागून येते होय? दीड तास पडून राहायचं. मी बोटांवर जप मोजायला लागले; आकडा चुकला. पुन्हा सुरू केला; पुन्हा चुकला. मग देवीशी बोलायला लागले. पुढच्या वर्षी असा घट बसवीन, तसा बसवीन, अनवाणी येईन, गोड सोडीन, एक वेळ जेवीन. नवस संपले, तरी दीड तास संपेना. मी तोंडानं पुटपुटतेय हे बहुतेक त्यांना दिसलं असावं. म्हणाले, "अक्का, तिथं तुमचं काम काही नाही. नुसता श्वास घ्या. बाकी मी बघतो."

'तुमचं काम काही नाही' असं मला या जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. पहिल्या दिवशी राग आला. दुसऱ्या दिवशी, झगा घालत असताना, मी त्यांना विचारलं की समुद्रात खाली जाताना भीती वाटत नव्हती का. म्हणाले, "गढूळ पाण्यात हात दिसत नाही, अक्का. कमरेला दोर. वर एक माणूस दोर धरून उभा. आपण आपलं श्वास घ्यायचा." मी म्हटलं, "आन् त्यानं दोर सोडला तर?" तर हसले. "त्याला खालून सारखं ओढून बघत राहिलं, तर काम कधी करायचं?" त्या दिवशी मी नळीत नवस केला नाही. जपही केला नाही. मिळेल तो श्वास घेतला आणि सोडला. मधेच झोप लागली. बसण्णा म्हणाले, "छान घोरला, अक्का."

आठव्या माळेला जाऊबाई आली. तिच्या अखंड दिव्यातलं तेल वाटीत घेऊन आली होती, माझ्या डोळ्यांत घालायला. बसण्णांनी दारातच अडवलं. तेल आत चालत नाही म्हणाले. तिनं त्यांना मराठीतून ऐकवलं, त्यांनी कन्नडमधून समजावलं, आणि दोघांनाही एकमेकांचं सगळं कळत होतं. शेवटी वाटी बाहेर ठेवून ती माझ्या खाटेशी बसली. माझा हात धरला आणि हुंदका देऊन म्हणाली, "माझ्यापायी झालं गं समदं. माझा दिवा इझतोय की दरवर्षी. दोनदा-तीनदा इझतोय. मी काडी वडते आन् परत लावते."

"आन् अखंड म्हणून सांगता ते?"

"दिसताना जळतच असतोय की!"

मला इतका संताप आला की दिसत असतं तर मी ती तेलाची वाटी शोधून काढून तिच्यावर ओतली असती. माझे डोळे गेले, आणि हिच्याकडे काडेपेटी! मी विचारलं, "देवीला ठाव न्हाय व्हय हे?" जाऊबाई पदरानं नाक पुसत म्हणाली, "ठाव असणारच की. पर तिनं कधी काय म्हटलं न्हाय बघ." मला हसूच आलं, आणि मग आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. तीस वर्षांत पहिल्यांदा तिचं वजन माझ्या खांद्यावर पडलं आणि मला ते बरं वाटलं.

दहाव्या की अकराव्या खेपेला, नळीचं झाकण उघडलं तेव्हा करड्या घोंगड्याला एका बाजूनं भोक पडल्यासारखं झालं. त्या भोकात काहीतरी पांढरं हलत होतं. बघत राहिले, तर त्या मिशा होत्या. मी म्हटलं, "बसण्णा, तुम्हाला मिशा आहेत?" ते म्हणाले, "चाळीस वर्षं आहेत, अक्का." त्यांनीच हात धरून मला बाहेर नेलं. बाकावर मालक बसले होते. हळूहळू त्यांचं डोकं दिसलं, शर्ट दिसला, आणि शर्टावर, गळ्यात, माझं मंगळसूत्र. रोज दीड तास, साऱ्या दवाखान्यासमोर, हा माणूस मंगळसूत्र घालून बसत होता. मी म्हटलं, "अवो, हे काय?" तर म्हणाले, "खिसा फाटलाय. हातात धरलं तर डुलकी लागंल, पडंल कुठंतरी." मी तिथंच खाली बसले. हसत होते की रडत होते, ते माझं मलाच कळत नव्हतं.

नजर एका दिवसात आली नाही. आधी उजेड, मग आकार, मग रंग. हिरवा सगळ्यांत शेवटी. वीस खेपा झाल्या. डाव्या डोळ्याचा बाहेरचा कोपरा अजून धूसर आहे आणि तो तसाच राहील असं डॉक्टरीणबाई म्हणतात. सगळ्यांना एवढंसुद्धा परत मिळत नाही, हेही त्यांनी सांगितलं. मला जे मिळालं ते ऑक्सिजननं मिळालं, बसण्णांनी दिलं, मालकांना डबा सापडत नाही म्हणून मिळालं, की देवीनं दिलं, हे लोक मला विचारतात. मला यांतलं एकही दुसऱ्यापासून वेगळं काढता येत नाही. एवढंच कळतं की ज्या दिवशी सगळ्या फटी मी माझ्या हातांनी बुजवल्या, त्या दिवशी आत यायला तिला एका चहाबाज माणसाचा खांदा वापरावा लागला. मी तिला बोलवत होते आणि वारासुद्धा आत येऊ देत नव्हते. आता देवखोलीची खिडकी उघडी असते. दिवा विझतो, मी लावते. जाऊबाईंचा फोन आला तर मीच आधी सांगते.

दिवाळी झाल्यावर मालकांनी मला गल्लीतल्या देवळात नेलं. गर्दी नव्हती. गाभाऱ्यासमोर उभी राहिले, हात जोडले, सवयीप्रमाणे डोळे मिटायला गेले आणि थांबले. इतक्या मिनतवारीनं मिळालेले डोळे नेमके इथंच कशाला मिटायचे? म्हणून बघत राहिले. देवीची नथ बघितली, मळवट बघितला. मग नजर साडीवर आली. हिरवी साडी, लाल काठ. आणि काठात, गुडघ्याच्या जरा वर, दोन तारा सुटलेल्या. खाली आणखी एक. निऱ्यांपाशी तर रेघच. समईच्या उजेडात, आठ-दहा हातांवरून, मला तुटलेली तार दिसली होती! आणि मग लक्षात आलं, हा लाल आमच्याकडचा आहे. मी दवाखान्यात असताना आमचा एक माग चालूच होता. बघणारं कुणी नव्हतं, तरी चालू होता.

मालक शेजारी उभे होते, मान खाली घालून. कधी देवळाची पायरी न चढणारा माणूस. मी हळूच म्हटलं, "काठात तारा सुटल्यात."

"ठाव हाय," ते म्हणाले. "मला दिसत न्हायत, तुला ठाव हाय की. हातानं चाचपडून चाचपडून इणली." मग म्हणाले, "तिनं नेसली की."

देवी त्या चुकलेल्या साडीत उभी होती, आणि मी मन भरेपर्यंत तिच्याकडे बघून घेतलं.